आधी सांगा, सुकतो कसा?

महिनाभर वजनाखाली ठेवलेल्या फोमच्या दोन शीट उचकटल्या, तर आतला ग्लू ओलाच. दमट वगैरे नव्हे, बोट लावलं की पिवळी तार निघेल इतका ओला. कडेनं दोन बोटं रुंदीची पट्टी मात्र खडखडीत वाळलेली, आणि तिनंच आतल्या ओलीला कोंडून ठेवलेलं. घरच्या गॅरेजमध्ये फोमचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची झोपण्यापुरती खोली, बांधायला घेणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रकार वारंवार येतो, तरी प्रत्येक जण नव्यानं चक्रावतो. ग्लू नामांकित, तारीख उलटलेली नाही, वजन भरपूर, गॅरेज उबदार. मग बिघडलं कुठे? खरं तर बिघडलं काहीच नाही. ग्लू पाण्यातला होता, पाणी उडून गेल्याशिवाय तो धरत नाही, आणि दोन्ही बाजूंना असा माल होता की ज्यातून पाणी सहजी आरपार जात नाही. १९४२ साली अमेरिकी तटरक्षक दलानं हाच माल जीवरक्षक तराफ्यात वापरला, तो याच गुणासाठी. कॅम्परवालेही याच गुणावर भाळतात, आणि ग्लू निवडताना तोच नेमका विसरतात.

अमेरिकेत अशा कॅम्परला लाडानं ‘फोमी’ म्हणतात. हार्बर फ्रेटसारख्या दुकानातून सुट्या भागांत मिळणारा ४ बाय ८ फुटांचा ट्रेलर आणायचा, त्यावर इमारतींच्या भिंतींत घालतात त्या इन्सुलेशनच्या शीट उभ्या करायच्या, बाहेरून कापड चिकटवायचं आणि वरून घराला देतात तोच रंग द्यायचा. लाकडी सांगाडा नाही, पत्रा नाही. ओवेन्स कॉर्निंगची शीट गुलाबी असते. स्टायरोफोम नावाची वर्षानुवर्षं निळी यायची, हल्ली करडी येते. दोन इंच जाडीची ४ बाय ८ची शीट साडेतीन-चार किलो भरते. तेवढ्याच मापाचा अर्धा इंची प्लायवुड उचलायला जा, अठरा-वीस किलो. या फरकातच सगळा मोह आहे: छोट्या गाडीमागे, पेट्रोलचा फारसा भुर्दंड न पडता, झोपण्यापुरती खोली ओढता येते.

आपल्याकडचा थर्माकोल हे याचंच भावंड. दोन्ही पॉलिस्टायरीनच. थर्माकोल फुगवलेल्या मण्यांचा, तर हा यंत्रातून सलग ओढून काढलेला, म्हणून मणी दिसत नाहीत आणि बारीक पोकळ्या पूर्ण मिटलेल्या असतात. २०१८च्या बंदीआधी ज्यांनी रात्री जागून गणपतीची मखरं केली, त्यांना यातलं अर्धं रसायनशास्त्र ठाऊकच आहे. पांढरा फेविकॉल लावला की सकाळपर्यंत थांबायचं. आणि घाईपायी सुताराचा सनमायका चिकटवायचा उग्र वासाचा ग्लू लावला, तर कमानीला बघता बघता भोक. त्या ग्लूत टोल्युइनसारखं द्रावक असतं आणि ते पॉलिस्टायरीनला विरघळवतं. अ‍ॅसिटोन, झायलीन, पेट्रोल, थिनर, सगळी त्याच पंगतीतली. गुलाबी शीटचंही तेच होतं, फक्त जरा सावकाश. पृष्ठभाग आधी चकाकतो, मग खचतो, आणि खाली किती पोखरलंय ते वरून कळत नाही.

डब्याच्या पुढच्या बाजूला ताकद ठळक अक्षरांत छापलेली असते. सुकण्याची रीत मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.

ती बारीक अक्षरं वाचायची सवय लागली की दुकानातली फळीच्या फळी आपोआप गाळली जाते. पाणी उडून सुकणारा ग्लू, म्हणजे लाकडाचा पिवळा ग्लू किंवा नळीतून येणारा लेटेक्सचा, फोमला खात नाही. पण निदान एका बाजूला कापड, लाकूड, कागद असं काहीतरी श्वास घेणारं हवं. फोमबोर्डसाठी म्हणून विकले जाणारे काही ग्लूही याच जातीचे असतात, आणि फोमवर फोम दाबून चिकटवला की तेही आत ओलेच राहतात. डब्यावर फोमचं चित्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भिंतीच्या जिप्समवर एक फोम चिकटवणं निराळं आणि फोमच्या दोन शीटमध्ये ग्लू बंद करणं निराळं. द्रावक उडून सुकणारे ग्लू बहुतेक बादच. स्प्रेच्या डब्यांतले काही खास पॉलिस्टायरीनसाठी बनवलेले असतात, थ्री एमचा ७८ हा त्यातला माहितीतला. इतर स्प्रे तुकड्यावर मारून पाहिल्याशिवाय शीटजवळ आणू नयेत. मग उरतात दोन: हवेतली ओल शोषून घट्ट होणारा पॉलियुरेथेन, आणि दोन भाग मिसळल्यावर आपल्या आपण कडक होणारा इपॉक्सी. फोम ते फोम जोडायचा तर खरी निवड या दोघांतच असते.

पॉलियुरेथेनमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे गोरिला ग्लू, तपकिरी, मधासारखा. याला पाणी लागतं. बाहेर टाकायला नव्हे, आत घ्यायला. एका शीटवर ग्लू पातळ पसरायचा, दुसरीवर फवारणीच्या बाटलीनं पाण्याचं नुसतं धुकं मारायचं, थेंब ओघळतील इतकं नाही, आणि दाबून वजन ठेवायचं. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत हे धुकं विसरलं तर ग्लू तासन् तास तसाच बसून राहतो. पाणी जास्त झालं तर तो नुसता फेसाळतो आणि सांध्यात स्पंजासारखा पोकळ थर होतो, दिसायला भरीव, ओढलं की सुटणारा. सुकताना तो तिप्पट-चौपट फुगतो, आणि वजन कमी असेल तर वरची शीट शांतपणे उचलून बाजूला सरकवतो. म्हणून सांध्यात आरपार बांबूच्या काड्या खोचून ठेवायच्या, त्या तशाच आत राहिल्या तरी चालतात. वजन नि शिकंजे दोन तास, पुढचं काम दुसऱ्या दिवशी. आणि हातमोजे हवेतच. हा ग्लू कातडीवर वाळला की कशानंच निघत नाही, कातडी झिजेल तेव्हा तो जातो.

फटी भरायला डब्यातून येणारा फुगणारा फोम, ग्रेट स्टफसारखा, तोही याच कुळातला. ग्लू म्हणूनही तो चांगला चालतो: बारीक रेघ ओढायची, दोन मिनिटं थांबायचं, मग जोडायचं. फक्त पोकळीत भरताना हात आखडता ठेवावा. बंद पोकळीत तो फुगत जातो आणि दोन इंची भिंतीला पोट काढतो. वाळल्यावर ते पोट दाबून बसवता येत नाही, कापूनच काढावं लागतं.

इपॉक्सीचा दबदबा मोठा आणि तो उगाच नाही. १९७५ साली मोहावीच्या वाळवंटात विमानांचा रचनाकार बर्ट रुटान यानं व्हॅरीईझ हे छोटं विमान उडवलं, त्याचे पंख म्हणजे गरम तारेनं कापलेला पॉलिस्टायरीन फोम आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचकापड. घरी विमानं बांधणारे तेव्हापासून त्या पद्धतीनं बांधत आले आहेत. इंधनाच्या टाकीपाशी मात्र तिथे दुसऱ्या जातीचा फोम घालतात, कारण पेट्रोल गळलं तर पंखच विरघळेल. इपॉक्सी फोमला खात नाही. नावेच्या दुकानात त्याच्या शेजारी मिळणारं स्वस्त पॉलिएस्टर रेझिन मात्र खातं; त्यात स्टायरीन असतं, म्हणजे ज्यापासून हा फोम बनला तोच द्रव. डबे सारखे, वास वेगळा, आणि पैसे वाचवायला गेलेल्याची शीट तासाभरात वितळलेली. इपॉक्सीलाही एक खोड आहे. मिसळल्यावर तो तापतो, आणि कपात जितका जास्त तितका लवकर तापतो. मोठा कप मिसळून गप्पा मारत बसलात तर वाफा येतात; तेच मिश्रण खड्ड्यात जाड ओतलंत तर फोम आतून आकसतो. थोडं थोडं मिसळावं, पसरट ताटलीत ओतावं, खोल खड्डा दोन-तीन वेळा भरावा. मोजमापात मनाचं चालत नाही. वेस्ट सिस्टमचं १०५ हे रेझिन आणि २०५ हा त्याला कडक करणारा हार्डनर, ही जोडी पाचास एक. ‘जरा हार्डनर जास्त घातला की लवकर होईल’ हा पेंटच्या थिनरवरून आलेला समज इथे कायमचा चिकट थर देतो.

पण या सगळ्या ताकदीचं करायचं काय, हा प्रश्न राहतोच. गुलाबी शीटच्या साध्या प्रकाराची दाब सोसायची क्षमता दर चौरस इंचाला १५ पौंड, जरा भारी प्रकाराची २५. लाकडाच्या ग्लूचा जोड दर चौरस इंचाला हजारो पौंडांत मोजतात. म्हणजे ग्लू सुटण्याच्या फार आधी फोम फाटणार. ही गोष्ट निराशेची वाटते, पण उलट तिच्यामुळे जीव हलका होतो, कारण सगळ्यात महागडा ग्लू शोधायची गरजच संपते. तुकड्यावर कापड चिकटवून पुरतं वाळू द्यावं आणि मग कोपरा पकडून ओढावं. कापडाच्या पाठीला गुलाबी कण चिकटून आले, फोमचाच पापुद्रा निघाला, तर ग्लूचं काम झालं. त्याहून घट्ट काही या जगात नाही. कापड स्वच्छ सुटून आलं आणि फोमवर काचेसारखा थर राहिला, तर दोष बहुधा ग्लूचा नसतोच. फोमच्या तुळतुळीत सालीचा असतो.

ही साल शीट यंत्रातून बाहेर पडतानाच तयार होते आणि ती काढल्याशिवाय कशालाच पकड मिळत नाही. इपॉक्सीसुद्धा त्यावरून सालपटासारखा निघतो. ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर लांब फळीला लावून सगळी शीट घासायची, चमक पूर्ण जाईपर्यंत. पुष्कळ जण त्यापुढे जाऊन सुयांचा रोलर फिरवतात, भिंतीचा वॉलपेपर उतरवायला मिळतो तसा. बारीक छिद्रांत ग्लू उतरतो आणि मुळ्या धराव्यात तसा धरतो. काही शीटवर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते, ती आधी सोलून काढायची. फिल्मवर अख्खा कॅम्पर चिकटवून मोकळे झालेले लोक आहेत. पहिल्या कडक उन्हाळ्यात त्यांचं कापड तंबूसारखं सुटं होतं. घासताना जो गुलाबी भुगा निघतो त्याचं काय करायचं, हा या छंदातला अवघड भाग आहे. तो वाऱ्यावर उडतो, अंगच्या विजेनं हाताला, कुत्र्याला, शेजाऱ्याच्या गवताला चिकटतो आणि कुजत कधीच नाही. मखरं बंद झाली ती याच कारणानं, हे माहीत असताना आवडीनं हा फोम घासत बसणं थोडं खटकतं. कॅम्पर पंधरा-वीस वर्षं वापरला जाईल, मखरासारखा दहा दिवस नाही, अशी स्वतःची समजूत घालता येते. गॅरेजचं दार बंद ठेवून, व्हॅक्यूमची नळी पॉलिश पेपराशेजारी धरून घासलं तर ती समजूत जरा पटतेही.

खड्डे भरण्याचं तंत्र इथे लाकडाच्या उलट आहे. लाकडात लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, जितकी कडक तितकी चांगली. फोमवर कडक लांबी भरली की घासताना भोवतालचा मऊ फोम आधी झिजतो आणि लांबीचं बेट वर राहतं; अजून घासाल तर बेट अजून उंच. भिंतीच्या बारीक भोकांसाठी मिळणारं, डबा उचलला तर रिकामा वाटावा इतकं हलकं स्पॅकल घ्यावं. ते फोमइतकंच मऊ असतं, सपाट घासलं जातं. पाण्यात ते टिकत नाही हे खरं, पण त्यावर कापड आणि रंग येणारच असतात. जिथे खड्डा मोठा असेल तिथे फोमचाच तुकडा कापून पॉलियुरेथेननं बसवणं केव्हाही बरं.

आता कापड. अमेरिकेत रंगारी फरशीवर रंग सांडू नये म्हणून सुती कॅनव्हास अंथरतात, हार्डवेअरच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळतो. मोठे तुकडे मध्ये शिवलेले असतात; ती शिवण पुढे रंगातून उठून दिसते, म्हणून बिनशिवणीचा बघून घ्यावा. या कापडाला खळ असते. गरम पाण्यातून धुऊन, वाळवून घेतलं की खळही जाते आणि आटायचं तेवढं आटून होतं. न धुता लावा, वाळताना आटून ढोलासारखं ताणलं जाईल, असं सांगणारेही आहेत. बाहेरच्या फुगीर वळणावर ते खरंही ठरतं. पण जिथे वळण आत वळतं, दाराच्या कोनात, खिडकीच्या खाचेत, तिथे आटणारं कापड फोम सोडून दोरीसारखं सरळ ओढलं जातं आणि मागे पोकळी राहते. धुवावंच. ही रीत फोमवाल्यांनी शोधलेली नाही हेही लक्षात असावं. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लाकडी होड्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कॅनव्हास ताणून, त्यात भराव घासून, वर रंग देत आले आहेत. आगगाडीच्या लाकडी डब्यांची छपरंही तशीच असायची. लाकडाच्या जागी फोम आला एवढंच.

या कामाला पिवळा ग्लू, बहुतेकांचा टाइटबाँड टू, अगदी योग्य. कारण आता एका बाजूला कापड आहे आणि पाण्याला बाहेर पडायला वाट आहे. ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच अशा पेटीचा बाहेरचा पृष्ठभाग, तळ सोडून, साधारण १३० चौरस फूट. कंपनीच्या हिशेबानं एका गॅलनमध्ये २५० चौरस फूट होतात, पण तो हिशेब लाकडाचा. कॅनव्हास ग्लू पितो, त्यामुळे निम्मंच होईल असं धरून बाहेरून एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि आतूनही कापड लावणार असाल तर आणखी एक. फोमवर रोलरनं भरघोस हात, त्यावर कापड मधून कडांकडे सपाट करत न्यायचं, मग वरून थोडा पाणी घातलेला दुसरा हात, कापडाचा रंग एकसारखा गडद होईपर्यंत. फिका ठिपका दिसला तर तिथे ग्लू पोचलेला नाही. थंडीचा हिशेब ठेवावा: टाइटबाँड टू ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १३ सेल्सिअसच्या खाली लावला तर खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ वाळतो, टाइटबाँड थ्री ४७ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ८ सेल्सिअसपर्यंत चालतो. फक्त हवा नव्हे, फोम आणि कापडही तेवढं उबदार हवं. मिशिगनच्या मार्चमध्ये दुपारी गॅरेज उबदार वाटतं आणि शीट मात्र रात्रीच्या गारठ्यातच असते.

कोपरे आधीच गोल करून घ्यावेत, निदान अर्ध्या इंचाच्या त्रिज्येचे. धारदार कोनावर कापड नीट बसत नाही आणि तिथलाच रंग पहिल्यांदा झिजतो. दोन तुकडे एकमेकांवर दोन इंच चढवायचे, वरचा खालच्यावर आणि पुढचा मागच्यावर, कौलं लावतात त्या हिशेबानं, म्हणजे पाऊस आणि समोरचा वारा दोघेही सांध्यावरून घसरून जातात. वाळल्यावर फुगे दिसले तर घाबरायचं कारण नाही. हा ग्लू तापला की मऊ होतो. फुग्यावर ब्लेडनं बारीक चीर द्यायची, आत थोडा ग्लू सरकवायचा, आणि मध्यम गरम इस्त्री ओल्या फडक्यावरून दोन सेकंद टेकवून लगेच हातानं दाबून धरायचं. दोन सेकंद म्हणजे दोनच. पॉलिस्टायरीन १०० सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, सुतीवर ठेवलेली इस्त्री त्याच्या दुप्पट तापते, आणि इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा खड्डा पुढे कुठल्याही रंगाखाली लपत नाही.

इस्त्रीनं जे दोन सेकंदांत होतं, ते ऊन दिवसभरात करतं.

रंगाची निवड म्हणून आधी छटेपासून सुरू होते. या फोमला सतत सोसेल असं कमाल तापमान कंपन्या १६५ फॅरनहाइट सांगतात, म्हणजे ७४ सेल्सिअस. नेवाडाच्या जुलैत काळ्या गाडीच्या टपावर तळहात टेकवता येत नाही, आणि तिथे निदान पत्र्यातून उष्णता आजूबाजूला पसरते. फोमवरच्या रंगाखाली तर इन्सुलेशनच आहे. आलेली उष्णता जाणार कुठे? सगळी त्या कागदाएवढ्या थरात साचते. गडद हिरवा, नेव्ही निळा, काळा, हे रंग जंगलात शोभून दिसतात आणि त्यांच्याखाली ग्लू मऊ पडतो, फोममधला वायू फुगतो, कापडाला फोड येतात. संध्याकाळी फोड बसलेले दिसतात, पण पकड सुटलेली असते. शेडकार्डाच्या मागे प्रत्येक छटेचा एलआरव्ही छापतात, म्हणजे शंभरापैकी किती उजेड ती परतवते. छपराला ७०च्या वरची, बाजूंना ५५-६०च्या वरची घ्यावी. गडद रंगाची हौस खालच्या एका पट्ट्यावर भागवावी, तिथे ऊन तिरकं लागतं. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत चुकून भलतीच छटा मिसळलेले डबे पडेल भावात ठेवलेले असतात. फोमीवाल्यांची ती आवडती फळी. आणि नशिबानं असे डबे बहुधा कुणाच्या तरी भिंतींसाठी बनवलेले, म्हणून फिकेच असतात.

रंगाची जात मात्र पक्की ठेवावी: बाहेरच्या भिंतींचा, शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक, पाण्यात मिसळणारा. तो वाळल्यावरही लवचिक राहतो आणि तोच खरा रेनकोट आहे. टाइटबाँड टू ओल सोसतो, पण पाण्यात बसून राहिला तर मऊ पडतो; तेव्हा ग्लूच्या भरवशावर पावसात जाऊ नये. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ, म्हणजे धाग्यांत मुरतो. वाळला की कापडाची लव उभी राहून हाताला खरखर लागते. १२० नंबरनं हलकेच मारून घ्यायची. मग दोन हात घट्ट, छपराला तिसरा. एरवी गॅलनला साडेतीनशे-चारशे चौरस फूट धरतात, पहिल्या हाताला इथे त्याच्या निम्मेही होणार नाहीत. चकाकी सॅटिनची घ्यावी. अगदी मॅट रंग धूळ धरून ठेवतो, आणि ग्लॉस प्रत्येक सुरकुतीची जाहिरात करतो. ऑइलपेंट कापडावर बसतो, पण वर्षागणिक कडक होत जातो आणि फोम हलला की तडकतो. नक्षी काढायला स्प्रेचे डबे वापरायचे तर अ‍ॅक्रिलिकचे हात पूर्ण झाल्यावरच, आणि तेही दुरून, पातळ. पिनाएवढं भोक जरी राहिलं असलं तरी द्रावक आत उतरतं आणि वरचा रंग शाबूत ठेवून खालचा फोम खातं. पिकअपच्या हौद्यांना देतात ते जाड खडबडीत लायनर अनेकांना मोहात पाडतात. त्यातल्या काहींत झायलीन असतं. डबा उलटा करून वाचल्याशिवाय घेऊ नये, आणि बहुतेक ते काळेच असतात, म्हणजे उन्हाचा प्रश्न पुन्हा आलाच.

फोम हलतो म्हणजे किती, ते हिशेबानं बघितलं की ऑइलपेंटचं तडकणं आपोआप कळतं. आठ फुटांची शीट ४० अंश सेल्सिअसनं तापली तर जवळपास सहा मिलिमीटरनं वाढते. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेनं तेवढ्या उष्णतेत अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. फोमची लांब कड लाकडी पट्टीला इपॉक्सीनं आवळून बांधली, तर दोघांच्या ओढाताणीत फोमच फाटतो. तिथे थोडं ताण घेणारा पॉलियुरेथेनचा नळीतला ग्लू, पीएल प्रीमियमसारखा, बरा. स्क्रू फोमला धरतच नाही. बिजागरं, कडी, दिवा जिथे येणार तिथे प्लायवुडचा तुकडा आधीच फोममध्ये खाच पाडून बसवायचा, कापडाच्या खाली, आणि त्याची जागा गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवायची. कापड आणि तीन हात रंग चढल्यावर तो तुकडा सापडत नाही.

पाणी शिरतं ते बहुधा छपरातून नाही, खालच्या कापलेल्या कडेतून. कॅनव्हासची उघडी कड वातीसारखी पाणी वर ओढते आणि महिन्याभरात खालून तीन-चार इंच काळपट बुरशीची रेघ दिसते. म्हणून कापड तळाखाली निदान दोन इंच वळवायचं, वळवलेला भागही तितक्याच इमानानं रंगवायचा, आणि कॅम्पर ट्रेलरवर बसवण्याआधीच ते उरकायचं. खिडकीच्या चौकटीखाली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली ब्युटिलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, टेप. सिलिकॉन नको. ते लावलेल्या जागी पुन्हा कधीच रंग धरत नाही, आणि दुरुस्ती तर त्या जागीच करावी लागते.

आतल्या बाजूबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. हा फोम जळतो, काळा जहरी धूर सोडतो, आणि अमेरिकेत घराच्या खोलीत तो अर्ध्या इंची जिप्समखाली झाकल्याशिवाय सहसा ठेवू देत नाहीत. कॅम्परमध्ये तेवढं वजन कुणी नेत नाही. आतूनही कापड आणि रंग चढवल्यानं थोडी मदत होते, फार नाही. स्वयंपाक बाहेर, मेणबत्ती नाही, पेटता हीटर नाही, दाराखेरीज माणूस बाहेर पडेल अशी एक खिडकी, आणि हवा खेळती. यात तडजोड करणाऱ्यांचे युक्तिवाद ऐकायला मजेशीर असतात, पटत मात्र नाहीत.

शेवटचा हात दिल्यावर तासाभरात रंग हाताला लागत नाही, म्हणून लोक त्याच शनिवारी निघतात. पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग सुकतो लवकर, पण पुरता मुरायला त्याला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रंगाला रंग किंवा रबराला रंग दाबून ठेवला की तो चिकटतो. दार घट्ट लावून रात्र काढली, सकाळी ढकललं, की चौकटीवरच्या रंगाचे पोपडे दाराच्या रबरी पट्टीला चिकटून निघतात, खालच्या कापडासकट. पट्टी शेवटी बसवावी, तोवर दार फटीएवढं उघडं ठेवावं, आणि रबरावर टाल्कम पावडर फिरवावी. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, वर छटेचा नंबर आणि तारीख लिहून कॅम्परमध्येच ठेवावा. सोबत हातभर कॅनव्हास आणि ग्लूची लहान बाटली. झाडाची फांदी घासून ओरखडा गेला, तर त्याच मुक्कामी कापडाचा तुकडा चिकटवून वरून ब्रश मारता येतो. फक्त आधी ओरखड्याची जागा कोरडी करून घ्यायची.